चाचणी केंद्रातला काळा टेलिफोन

मी एक जुना, काळा, तबकडीचा टेलिफोन आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखं धूड फक्त चित्रात पाहिलं असेल. मला खिशात घालता येत नाही, माझ्यावर फोटो काढता येत नाही. पण मी जे ऐकलं आहे ते ऐकून तुमचेही हातपाय गार पडले असते.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे ओळीने बसलेल्या बायका गप्पा मारता मारता आमच्या पोटात तारा भरायच्या. एकीने माझी घंटी बसवली, वाजवून पाहिली आणि शेजारणीला म्हणाली, "अगं बाई! हा ओरडला तर भिंतीसुद्धा दचकतील." ही माझी पहिली स्तुती.

माझी पहिली नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होती. नळ कोरडा पडला की लोक माझ्या तोंडात शिव्या घालायचे. त्या शिव्यांचं मला कधी काही वाटलं नाही. पाणी आज नाही आलं तर उद्या येतं. ती वर्षं तशी मजेत गेली.

मग शहरात तो ताप आला. लोक त्याला 'मुका ताप' म्हणायचे, कारण तापलेलं मूल हळूहळू बोलायचं बंद होई. सकाळी खेळणारं पोर संध्याकाळी मान ताठ करून पडलेलं असे. काही मुलं गेली. काही वाचली, पण कुणाची नजर अधू झाली, तर कुणाचे कान गेले. मैदानं ओस पडली. आया मुलांच्या कपाळावरचा हात काढेनात.

त्याच सुमारास एका बंद दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर लसीचं चाचणी केंद्र उघडलं आणि मला तिथल्या टेबलावर आणून ठेवलं. वीज गेली तरी मी चालतो, एवढ्याच गुणावर माझी निवड झाली. खोलीत एक घरघरणारा फ्रीज होता, हिरव्या रंगाची खाट होती आणि बाहेरच्या व्हरांड्यात टोचून झाल्यावर बसायला खुर्च्या होत्या.

केंद्र सांभाळायच्या एक डॉक्टरबाई. अंगाने काटकुळ्या, पण आवाज खणखणीत. चष्मा डोक्यावर सरकवून ठेवायच्या आणि मग साऱ्या खोलीत शोधत फिरायच्या. त्यांच्या हाताखालच्या सिस्टर काही न बोलता त्यांच्या डोक्याकडे बोट दाखवायच्या.

येणाऱ्या प्रत्येक माणसाला डॉक्टरबाई स्वतः समजावून सांगत. "तुमच्यापैकी निम्म्यांना लस देणार, काहींना छोटी मात्रा, काहींना मोठी; उरलेल्या निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते मलाही ठाऊक नाही, ती यादी सुरक्षा समितीकडे कुलपात असते. ठाऊक असतं तर मला सगळं चांगलंच दिसलं असतं. आधी थोड्या लोकांना, मग जास्त, आणि मोठ्यांना काही अपाय नाही असं दिसलं तरच मुलांना. आणि हे बघा, काहीही वाटलं तरी या फोनवर कळवायचं. क्षुल्लक वाटलं तरी."

टोचून घेणाऱ्यांत एक होते पोहण्याचे मास्तर. तलावावर शिकवून शिकवून त्यांचे खांदे दारात मावत नसत. दर आठवड्याला ते न चुकता फोन करत.

"डॉक्टरबाई, अजून शिंगं फुटलेली नाहीत हो!"

"शेपूट?"

"बायको म्हणते ती आधीपासूनच आहे."

सिस्टर हसायच्या, मीही मनातल्या मनात हसायचो. ते आमच्या केंद्रातले शेवटचे हसण्याचे दिवस होते.

निवडणूक जवळ आली आणि माझ्यावर एक नवा आवाज येऊ लागला. तो मंत्र्यांच्या सचिवांचा होता. आवाज साखरेत घोळलेला, पण साखर विरघळली की खाली खडा लागावा तसा.

"मॅडम, साहेब फार आशेनं बघतायत तुमच्याकडे. मतदानाच्या आधी मुलांना लस टोचण्याचा मोठा कार्यक्रम घ्यायचाय. व्यासपीठाचं सांगून झालंय."

"मुलांवर तर चाचणी अजून सुरूच झाली नाही."

"मोठ्यांना काही झालं नाही ना? मग मुलांना काय व्हायचंय?"

"मूल म्हणजे लहान मापाचं मोठं माणूस नसतं हो. आणि मोठ्यांनासुद्धा काही होत नाही, हे अजून कळायचंय."

"लोकांची पोरं मरतायत आणि तुम्ही कसली वाट बघताय?"

डॉक्टरबाईंनी रिसीव्हर ठेवला तेव्हा त्यांचा तळवा घामाने ओला होता. तो ओलावा माझ्या अंगाला लागला. कारण मित्रांनो, तो प्रश्न खोटा नव्हता. पोरं खरंच मरत होती. आणि तोच प्रश्न दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरातून आला.

"ताई," त्यांची धाकटी बहीण म्हणाली, "आमच्या शेजारच्या घरात ताप शिरलाय. तुझ्या फ्रीजमध्ये आहे ना ती लस? एक बाटली आण. माझ्या टिकलीला टोच. कुणाला कळणार आहे?"

"अगं, ती मुलांच्या अंगात गेल्यावर काय करते ते मलाच अजून ठाऊक नाही. अंधारात कशी उडी मारू, तीसुद्धा तिला कडेवर घेऊन?"

"आणि तिला ताप आला तर?"

 तेवढ्यात पलीकडे टिकलीने आईच्या हातून रिसीव्हर ओढून घेतला. "मावशी, तुझी सुई दुखते का गं?"

"मुंगी चावल्यासारखी."

"लाल की काळी?"

"काळी," मावशी म्हणाली आणि तिने डोळे मिटून घेतले.

त्यानंतर एके दुपारी मास्तरांचा फोन आला. मी शिंगांच्या विनोदाची वाट बघत होतो. 

"डॉक्टरबाई, एक क्षुल्लक गोष्ट आहे. तुम्ही सांगा म्हणाला होतात म्हणून..."

"बोला मास्तर."

"मघाशी तलावाच्या पायऱ्या चढताना गुडघेच दुमडले. पोरं हसली, मीही हसलो. पण आता पाय माझे वाटतच नाहीत. चिमटा काढला तर दुसऱ्याच कुणाचे असावेत तसं वाटतंय."

डॉक्टरबाई उभ्या राहिल्या. "तिथून हलू नका. गाडी पाठवते."

फोन ठेवून त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मॅडम, त्या शिवणकाम करणाऱ्या बाई... त्याही पायाला मुंग्या येतात म्हणत होत्या. मशीन चालवून होत असेल, असं आपण समजलो."

खोलीत फक्त फ्रीजची घरघर ऐकू येत होती. रोजचीच घरघर, पण त्या दिवशी आत काहीतरी जिवंत दबा धरून बसलंय, असं मला वाटलं.

मास्तरांना इस्पितळात नेलं. दुसऱ्या दिवशी आमचे संचालक आले. ते वाईट माणूस नव्हते. टोचून झालेल्या म्हाताऱ्यांना ते स्वतः पाणी नेऊन देत. पण त्या दिवशी त्यांना वरून दम मिळाला होता, आणि घाबरलेला माणूस काय करील याचा नेम नसतो.

"एकाच्या पायातली ताकद गेली, एकीला मुंग्या आल्या," ते म्हणाले. "त्यांना मिठाचं पाणीच दिलं नसेल कशावरून?"

"असेलही सर. तेच तर शोधायचंय. सुरक्षा समितीला कळवून चाचणी थांबवू. कुणाला काय दिलं होतं ती यादी समिती उघडून बघेल."

"मतदान झाल्यावर कळवा ना. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे."

"त्या थोड्या दिवसांत तो कार्यक्रम होणार, सर. मुलांना रांगेत उभं करून."

डॉक्टरबाईंनी रिसीव्हर उचलला आणि तबकडी फिरवायला घेतली. संचालकांनी झटकन हात पुढे केला आणि ज्यावर रिसीव्हर टेकतो तो माझा खटका बोटाने दाबून धरला. लाइन तुटली.

"बोट काढा, सर."

"नोकरी जाईल. माझी आणि तुमचीही. माझ्या घरात खाणारी तोंडं आहेत हो."

बोट निघेना.  आणि त्या बोटाखालीच मी वाजलो. माझ्या घंटीने आम्ही तिघेही दचकलो. संचालकांनी गडबडीत डॉक्टरबाईंच्या हातून रिसीव्हर घेतला आणि बोट उचलून तो स्वतःच्या कानाला लावला.

पलीकडे मास्तरांच्या बायको होत्या. "डॉक्टरबाई? लवकर या हो. ह्यांच्या पायातलं वर चढत छातीपर्यंत आलंय. श्वास घेता येत नाहीये. पाण्याखाली एवढा वेळ दम धरणारा माणूस, आणि आता खाटेवर बुडतोय हो... हॅलो? डॉक्टरबाई? ऐकताय ना?"

"ऐकतोय," संचालक म्हणाले.  "यंत्र लावायला सांगतो आत्ता. तुम्ही त्यांच्याजवळ जा."

त्यांनी इस्पितळाला फोन करून श्वासाच्या यंत्राची सोय केली. मग रिसीव्हर डॉक्टरबाईंच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "समितीला लावा," एवढंच म्हणाले.

समितीचे अध्यक्ष म्हणजे एक वयस्क निवृत्त डॉक्टर. त्यांना कमी ऐकू यायचं. त्यामुळे डॉक्टरबाईंना जिवाच्या आकांताने ओरडावं लागलं, "थांबवा! सगळं थांबवा!" व्हरांड्यात खुर्च्यांवर बसलेली माणसं उठून उभी राहिली.

चाचणी थांबली. कार्यक्रम रद्द झाला. आणि माझ्या आयुष्यातले सर्वांत भीतीचे दिवस सुरू झाले. लस दडवून ठेवली, अशी आवई कुणीतरी उठवली. दिवसभर मी वाजायचो आणि उचलला की शिव्या यायच्या. पाणीपुरवठ्यातल्या नव्हेत, या वेगळ्या होत्या. "तुझं पोर तापलं असतं म्हणजे कळलं असतं!" एक बाई रडत रडत किंचाळली. ती खोटं बोलत नव्हती, तिचं पोर खरंच तापलं होतं. एकदा खिडकीची काच फोडून दगड आत आला आणि माझ्या शेजारी पडला. सिस्टर टेबलाखाली शिरल्या. संचालकांची बदली झाली. जाताना त्यांनी मला एकदा हलकेच थोपटलं.

आणि मग बहिणीचा फोन आला. "ताई, टिकली तापलीय." एवढं बोलून तिने फोन ठेवला.

टिकली वाचली. पुष्कळ दिवसांनी पुन्हा तिचा आवाज माझ्यात आला. "मावशी, मी टिकली. तू बोलतेस का? आई म्हणते तू बोलतेस. मला काहीच ऐकू येत नाही. तू जोरात बोल ना."

मावशी बोलत होती. पहिल्यांदा हळू, मग जोरात, मग रडत. माझ्या तारेतून प्रत्येक शब्द पलीकडे जात होता आणि त्या छोट्या कानाशी जाऊन थांबत होता. मित्रांनो, मी निर्जीव आहे म्हणतात. त्या दिवशी तसा असतो तर बरं झालं असतं.

समितीने महिनोन् महिने तपास केला. मास्तरांना आणि शिवणवाल्या बाईंना लसच दिली होती. तसा त्रास झालेले आणखी काही जण दुसऱ्या केंद्रांत सापडले, आणि सगळे मोठी मात्रा घेतलेल्या गटातले निघाले. तीच मात्रा त्या व्यासपीठावर मुलांना देणार होते. पुढे मात्रा कमी करून चाचणी पहिल्यापासून सुरू झाली. आधी थोडे, मग जास्त, मग मुलं. कमी मात्रेनेही ताप तितकाच अडत होता आणि पाय कुणाचेच गेले नाहीत. मास्तर काठीवर चालू लागले. आता तलावाच्या काठावर खुर्ची टाकून ते तिथूनच पोरांवर ओरडतात.

लस गावोगावी निघाली, त्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. मधल्या काळात ती ताईशी फारसं बोलली नव्हती.

"ताई, माझ्या धाकट्या पोराला लस द्यायला बोलावलंय. देऊ?"

"दे."

"टिकलीला तेव्हा दिली असतीस, तर तिचे कान..."

"वाचले असते कदाचित. कदाचित पाय गेले असते, श्वास गेला असता. मला तेव्हा माहीत नव्हतं गं. आता माहीत आहे."



"भीती वाटतेय," बहीण म्हणाली.

"वाटू दे थोडी. आई आहेस. पण दे."

पलीकडे तिने नाक पुसल्याचं मला ऐकू आलं. मग म्हणाली, "रविवारी ये घरी. टिकली ओठांवरून बोलणं ओळखायला शिकतेय. तुझे ओठ तिला वाचायचेत."

आता मी एका कपाटात आहे, मोडक्या पंख्याच्या आडोशाला. माझी तार कधीच काढली. मला पुन्हा टेबलावर ठेवा असं माझं म्हणणं नाही. मागणं एवढंच आहे. औषध असो की पूल, ज्याच्यावर दुसऱ्यांचे जीव विसंबणार आहेत, ते तपासणाऱ्या माणसाला त्याचा वेळ द्या. कुणाच्या व्यासपीठासाठी तो वेळ हिसकावून घेऊ नका. आणि असा कुणी माणूस "थांबा" म्हणाला, तर दगड उचलण्याआधी त्याच्याजवळ जा, मित्रांनो, आणि त्याला कसली भीती वाटतेय, ते नीट विचारा.