माणशी दोन

सीमेवरच्या दुकानात काचेच्या दारावरच तो कागद चिकटवलेला होता. दारूच्या बाटल्या माणशी दोन. सील फुटलेलं चालणार नाही. ज्याच्या त्यानं स्वतःच्या सामानात ठेवायच्या. दुसऱ्याच्या वाट्याची बाटली आपल्या पिशवीत सापडली तर जप्त. मी तो कागद दोनदा वाचला. छापखान्याच्या गोदामात बावीस वर्षं काढलेल्या माणसाला छापलेल्या कागदाबद्दल भलताच आदर असतो. ज्यानं दारू सोडून अकरा महिने झालेत, त्याच्या वाट्याच्या दोन बाटल्यांचं काय करायचं, हे मात्र त्यावर लिहिलेलं नव्हतं. ते मी माझ्या अकलेनं ठरवलं, आणि माझी अक्कल काय लायकीची आहे ते मला त्या दिवशी कळलं.

आम्ही दोघं होतो. मी आणि माझा धाकटा भाऊ. आमच्या छापखान्यात तो मशीन दुरुस्त करतो. त्याच्यासारखा मिस्त्री शोधून सापडायचा नाही, हे मी भाऊ म्हणून सांगत नाही. पण नऊ वर्षं तो प्यायला. त्यात त्याची आधीची नोकरी गेली, लग्न मोडलं आणि आईची झोप उडाली ती उडालीच. शेवटी तीन महिने तो व्यसनमुक्ती केंद्रात राहिला आणि घरी परत आला.

परत आला त्या संध्याकाळी त्यानं कुणी न सांगता एक गोष्ट केली. दारातल्या स्टुलावर आपली पिशवी पूर्ण रिकामी केली. डबा, मोजे, टॉवेल, पाण्याची बाटली. मग पिशवी उलटी करून झटकली आणि म्हणाला, "आई, बघ." आई बिचारी संकोचली. इकडेतिकडे बघत म्हणाली, "बघितलं." तेव्हापासून रोज संध्याकाळी हेच. कामावरून आला की डबा, पान्हे, तेलकट फडकं स्टुलावर. "आई, बघ." "बघितलं." एवढं झालं की मग चहा. माझी बायको गमतीनं म्हणायची, आमच्या दारात कस्टमपेक्षा कडक तपासणी आहे. तोही हसायचा. या आठ महिन्यांत त्या स्टुलावर नको ती वस्तू एकदाही निघाली नव्हती, आणि अलीकडे तर आई भाजी निवडता निवडता, मान वर न करताच "बघितलं" म्हणायला लागली होती.

आता सीमेपलीकडे आम्ही कशाला गेलो होतो, तर मोठ्या मशीनचे रबरी रोलर झिजले होते. नवीन रबर चढवून देणारा कारखाना तिकडेच आहे. मालक म्हणाले, "धाकट्याला घेऊन जा. बोटानं दाबून रबराची पारख करणारा तोच एक." आणि मी दारापर्यंत पोचलो तेव्हा मागून म्हणाले, "जाताय तसे येताना चार बाटल्या आणा. मोठं गिऱ्हाईक येणार आहे. तुम्ही दोघं आहात ना, माणशी दोन चालतात."

मालकांना धाकट्याचं सगळं ठाऊक होतं. माझ्या शब्दावरच त्यांनी त्याला ठेवून घेतलं होतं. मी म्हणू शकलो असतो, की मालक, माझ्या वाट्याच्या दोन आणतो, त्याला यात नका ओढू. एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण उपकाराखाली माझी मान अशी वाकलेली, की तोंडातून "हो मालक" एवढंच निघालं.

निघताना आईनं मला बाजूला घेतलं. "इतक्या लांब तो पहिल्यांदाच जातोय. तुझ्या भरवशावर पाठवतेय."

"डोळ्यात तेल घालून बघीन," मी म्हणालो. असली वाक्यं मला फार सहज सुचतात.

परतीच्या वाटेवर बस त्या दुकानापाशी थांबली. धाकट्याला बसमध्येच बसवून मी चार बाटल्या घेऊन आलो आणि त्याच्या शेजारी बसत हळूच म्हणालो, "यातल्या दोन तुझ्या पिशवीत ठेव. नाक्यापुरत्याच. पलीकडे गेलो की काढून घेतो."

"माझ्या पिशवीत?"

"नियम आहे रे. ज्याच्या त्याच्या सामानात लागतात. मालकांच्या आहेत, आपल्याला काय करायचंय?"

त्यानं पिशवीची चेन उघडली, पान्हे एका कडेला सारले, पिशवी माझ्यापुढे धरली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. "तू ठेव. मी हात लावणार नाही."

मला तेव्हा राग आला. खरं सांगतो, रागच आला. मला वाटलं, काय हे नखरे, सापाची टोपली तर देत नाहीये. मी दोन बाटल्या ठेवल्या आणि चेन लावली.

नाक्यावर सगळ्यांना उतरवलं. कस्टमची बाई वयानं आमच्यापेक्षा लहान होती, चष्मा डोक्यावर चढवलेला, कामाला चोख. माझं पटकन झालं. मग धाकट्याला म्हणाली, "पिशवीतलं सगळं टेबलावर काढा."

त्यानं काढलं. घरी स्टुलावर मांडतो तसंच मांडलं. डबा, मोजे, पान्हे, फडकं. शेवटी दोन्ही बाटल्या. हात लावणार नाही म्हणाला होता, पण लावावा लागला.

"तुमच्याच ना?"

"हो."

"स्वतःसाठी की भेट द्यायला? भेट असेल तर ज्याला द्यायची त्याचं नाव, पत्ता आणि वेगळा फॉर्म. त्या पलीकडच्या खिडकीवर."

पलीकडच्या खिडकीवर ही लांबलचक रांग. बाहेर ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. धाकट्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"स्वतःसाठी लिही," मी म्हणालो. "आटप लवकर."

त्यानं लिहिलं. त्याचं अक्षर आईसारखं आहे, टपोरं, सुटं सुटं. वस्तू, दारू. नग, दोन. कारण, स्वतःच्या वापरासाठी. खाली सही. बाईनं शिक्का मारून एक प्रत त्याच्या हातात दिली आणि हसून म्हणाली, "मजा करा." त्यानं तो कागद चार घड्या घालून बाटल्यांच्या मध्ये खोचला.

पलीकडे गेलो की काढून घेणार होतो. पलीकडे गेलो आणि मला झोप लागली. पहाटे उठलो होतो वगैरे सगळं खरं आहे, पण त्या दिवशी झोपायचा हक्क मला नव्हता. चार तास मी त्याच्या खांद्यावर डोकं टाकून घोरत होतो आणि तो ती पिशवी मांडीवर घेऊन बसला होता.

आमच्या गावी उतरलो तेव्हा छापखान्याचा टेम्पो उभाच होता. रोलर उतरवायची एकच धांदल. रोलर नुसता जमिनीवर टेकवला तरी रबर त्या जागी चपटं होतं, मग छपाईत पट्टा उठतो. धाकटा ओरडून सांगत होता, "टेकवू नका, दोन्ही टोकांना धरा, टोकांना!" चारही रोलर टेम्पोतल्या लाकडी घोड्यांवर नीट बसल्यावर तो माझ्याकडे आला. "दादा, ते तेवढं..."

"अरे, तू जा ना घरी! आई वाट बघत असेल. इथलं मी बघतो," मी त्याच्यावर खेकसलो. टेम्पोवाला मघापासून घाई करत होता, त्याचा राग धाकट्यावर निघाला. तो पिशवी खांद्याला लावून चालू लागला.

छापखान्यात मालकांनी रोलरवरून हात फिरवला, खूश झाले. मी माझ्या पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. ते म्हणाले, "आणि बाकीच्या दोन?"

त्या धाकट्याच्या पिशवीतच राहिल्या होत्या. त्याला जाऊन सव्वा तास झाला होता.

घराकडे जाताना टॅक्सीत मला काय वाटलं ते आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. आई त्याच्या पिशवीत बाटल्या बघेल, त्याला बोलेल, असं काही माझ्या मनात आलंच नाही. माझ्या मनात एकच आलं. त्यानं उघडली असणार. घरी जायच्या आधी कुठे बसला असेल, बागेत का पुलाखाली, एवढाच मला प्रश्न होता. इतके महिने मी चारचौघांत छाती फुगवून सांगत होतो, की भाऊ सुधारला.

तो आमच्याच जिन्यात होता. दुसऱ्या मजल्यावर, घराच्या दाराबाहेरच्या पायरीवर, पिशवी मांडीवर आणि दोन्ही हात पिशवीभोवती. जिन्याच्या खिडकीतून शेवटचं ऊन त्याच्या बुटांवर पडलं होतं.

"आत का नाही गेलास?"

"आत गेलो की पिशवी उघडावी लागते," तो म्हणाला.

मी त्याच्या शेजारी बसलो, पिशवी ओढून घेतली, चेन उघडली आणि एक बाटली बाहेर काढली. आणि माझ्या अंगठ्यानं बुचाखालचं सील चाचपलं. मी ठरवून केलं नाही. ती बाटली खाली ठेवली, दुसरी काढली, तिचंही सील चाचपलं. तेवढ्यानं भागलं नाही, म्हणून ती उजेडात धरून आत किती आहे तेही पाहिलं.

सगळं जसंच्या तसं होतं.

"बघितलंस?" धाकटा म्हणाला.

आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मी बाटली तशीच हातात धरून बसलो होतो तेवढ्यात दार उघडलं. बोलणं ऐकून आई बाहेर आली होती. तिनं माझ्या हातातली बाटली पाहिली, पायरीवरची पाहिली, उघडी पिशवी पाहिली.

"सापडल्या?" तिनं मला विचारलं.

मी लगेच बोलायला हवं होतं. पाच-सात सेकंद गेले असतील, आणि तेवढ्यात ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली.

"आई, या माझ्या आहेत," मी म्हणालो. "मालकांनी मागवल्या. नियम होता म्हणून मीच त्याच्या पिशवीत ठेवल्या. शपथ घेऊन सांगतो."

आईनं माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल माया दाटून आली. रागावली असती तर परवडलं असतं.

"शाळेत काच त्यानं फोडली आणि तू म्हणालास मी फोडली. तो पिऊन घरी यायचा आणि तू म्हणायचास ऊन लागलंय. आता पुरे कर. किती दिवस पाठीशी घालशील त्याला?"

यातलं एकही खोटं नव्हतं. आयुष्यभर त्याच्यासाठी खोटं बोललो, त्याचा मला अभिमानही होता. आज खरं बोललो तर ते त्याच रांगेत जाऊन बसलं.

पिशवीतून घडी केलेला कागद डोकावत होता. आईनं तो उलगडला, लांब धरून वाचला. "स्वतःच्या वापरासाठी," ती म्हणाली. "आणि ही सही कुणाची?"

"आई, मी मालकांना फोन लावतो. त्यांनाच विचार."

"खबरदार! त्यांच्या कानावर गेलं तर आहे ती नोकरीही जाईल."

"आई, अगं..."

"राहू दे, दादा," धाकटा म्हणाला. "सही माझीच आहे."

आईनं दोन्ही बाटल्या मोरीत ओतल्या. घरभर वास सुटला. धाकटा गॅलरीत जाऊन, रस्त्याकडे तोंड करून, वास जाईपर्यंत उभा राहिला. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "तू होतास म्हणून वेळीच कळलं रे." मी तो हात झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मालकांना म्हणालो, की घरी येऊन माझ्या आईला एवढं एक सांगा. ते हसले. "अहो, तुमच्या घरच्या भानगडीत मला कशाला ओढता? आणि त्या माउलीला मी काय सांगू, दारू मी मागवली म्हणून? राहू दे. रोलर मात्र झकास बसलेत हं." बायकोनं माझ्यावर विश्वास ठेवला, म्हणूनच दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिनं आईला सांगून पाहिलं. आई म्हणाली, "तू नवऱ्याचीच बाजू घेणार."

धाकटा प्यायला नाही. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. रोज कामाला येतो, मशीनशी बोलतो, माझ्याशी कामापुरतं बोलतो. संध्याकाळी स्टुलावर पिशवी रिकामी करतो. "आई, बघ." आई आता "बघितलं" म्हणत नाही. भाजी बाजूला ठेवून उठते, पिशवीच्या कप्प्याकप्प्यांत हात घालते, पाण्याची बाटली उघडून वास घेते. तोवर तो हात जरा बाजूला धरून उभा असतो, नाक्यावर उभा होता तसा.

परवा मला हे बघवेना. त्याच्या मागोमाग मी दारात आलो, स्टुलावर माझी पिशवी उलटी केली आणि म्हणालो, "आई, बघ."

डबा घरंगळत खाली गेला. किल्ल्या पडल्या, पावत्यांचं पुडकं पडलं. आई हसली. खूप दिवसांनी हसली.

"वेडा आहेस का? तुझं काय बघायचंय?" ती म्हणाली आणि पुन्हा धाकट्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात हात घालून चाचपू लागली.

धाकटा खाली वाकला. त्यानं माझा डबा उचलला, किल्ल्या उचलल्या, सगळं नीट माझ्या पिशवीत भरलं, चेन लावली आणि पिशवी माझ्या हातात दिली.