पडूमामाचा माइक

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. जाळी एका बाजूने चेपलेली, वायरीला चिकटपट्टी. तरी माझ्यापुढे नाक मुरडायचं काम नाही. व्हिडिओ गेमची कॉमेंट्री करून ज्याने घराघरांतल्या मुलांना हसवलं, त्या पडूमामाचा आवाज माझ्यातून गेला आहे.

कारखान्यातून निघालेले माझे बहुतेक भाऊबंद भाषणांच्या वाट्याला गेले. मी गेलो कपड्यांच्या कपाटात. खोलीत आवाज घुमतो म्हणून मामा लटकत्या शर्टांत डोकं खुपसून बोलायचा. श्वासाची फुंकर लागू नये म्हणून मला त्याचा पायमोजा चढवलेला असे. धुतलेला होता, एवढं सांगून ठेवतो.

सुरुवात आजारी भाचीसाठी झाली. तिला खेळायची ताकद नव्हती, म्हणून मामा खेळायचा आणि सांगायचा, "निघालो पुलावर. आणि पडलो. शाबास रे माझ्या वाघा." ती पोट धरून हसायची. पडूमामा हे नाव तिचंच. पुढे व्हिडिओ इंटरनेटवर गेले आणि कुठकुठली मुलं त्याला मामा म्हणू लागली. त्याने कधी शिवी दिली नाही, पडल्यावर ते लपवलं नाही. बाकीचे मुलांसमोर घसा फाडतात आणि त्याला करमणूक म्हणतात. मुलं काय बहिरी आहेत?

मग भाचीचे वडील या व्हिडिओंचा कारभार बघायला आले. "अरे, किती दिवस पडणार तू? मुलांना जिंकणारा हिरो लागतो."

"भाऊजी, त्यांना मी आहे तसा चालतो."

"तुला काय कळतंय त्यातलं."

शेवटी ठरलं ते असं. सर्वांत अवघड खेळ आदल्या दिवशी कसाबसा जिंकून त्याचं रेकॉर्डिंग ठेवायचं आणि थेट कार्यक्रमात तेच लावून आत्ता खेळतोय असं दाखवायचं. मामा नाही-हो करत तयार झाला.

कार्यक्रम रंगला. घाईघाईत मामा म्हणाला, "डावीकडून दगड येतोय, वाका." दगड अजून पडद्यावर आलाच नव्हता.

भाची आता बरी झाली होती; बाहेर बसून मुलांचे निरोप वाचता वाचता तिने कपाटाचं दार उघडलं. "मामा, सगळे विचारतायत. तुला दगड आधीच कसा दिसला?"

भाऊजी मागून कुजबुजले, "अंदाज होता म्हण."

मामा माझ्याकडे वळला. मला धडकी भरली. आता हा खोटं बोलणार, आणि ते मलाच पोचवावं लागणार.

"पोरांनो," तो म्हणाला, "हा कालचा खेळ आहे. आत्ता खेळतोय म्हणालो ते खोटं होतं. माझं चुकलं. आता खराखुरा खेळतो."

भाऊजींनी कपाळावर हात मारला. "बुडवलंस सगळं."

बरीच मुलं रागावून निघून गेली. त्यांचा हक्कच होता तो. राहिलेल्यांसमोर मामा पहिल्याच पुलावरून पडला. मग पुन्हा.

"सरक तिकडे," म्हणत भाची शर्टांत घुसली. "तुला नाहीच जमणार. दे इकडे." तीही पडली. गेलेली मुलं हळूहळू परत येऊ लागली. त्या दिवशी ते दोघं जिंकलेच नाहीत, आणि इतकं हसू माझ्यातून कधी गेलं नव्हतं.

आता मामाकडे नवा, चकचकीत माइक आहे. मी खणात पडून असतो. वाईट वाटतं, पण मान ताठ आहे. मित्रांनो, माइक आपटू नका, त्याची वायर ओढू नका. आणि तोंडाशी धराल तेव्हा एवढं ध्यानात ठेवा, की पलीकडे एखादं लहान मूल तुमचा शब्द न् शब्द खरा मानून बसलेलं असतं.