वाफ्यातला थोरला

मित्रांनो, मी एक जुना कोंब आहे. खरा नव्हे, प्लॅस्टिकचा. दोन हिरवी पानं, एक बारीक दांडी आणि खाली केसांना धरून बसणारी क्लिप, एवढाच माझा देह. उन्हाने माझा रंग आता पार उडाला आहे, पण एके काळी माझ्यावाचून दिवेआगरच्या किनाऱ्यावर कुणाचा फोटो पुरा होत नसे.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. माझं बालपण गेलं केसरच्या काठीवर. केसर किनाऱ्यावर फिरून असल्या हौसेच्या वस्तू विकायची. जाड काठीला तिने स्पंज गुंडाळला होता आणि त्यावर आम्हाला खोचलं होतं. दर हंगामाला ती काठी नवा साज घ्यायची. आमच्या आधी तिच्यावर लुकलुकणारी शिंगं होती, त्याआधी दाबलं की कान वर करणाऱ्या सशाच्या टोप्या. ती शिंगं आता केसरच्या पिशवीच्या तळाशी पडून होती. आम्ही त्यांना हसायचो. आपलीही पाळी येईल, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

त्या हिवाळ्यात आमची चलती होती. नव्या नवऱ्या, कॉलेजची पोरं, पोट सुटलेले गंभीर काका, ज्याच्या त्याच्या डोक्यावर कोंब. "घ्या ताई, डोक्यात झाड लावा. पाणी घालायला नको!" केसर ओरडायची. ते वाक्य मला झोंबायचं. का नको पाणी? माझी पानं ताठ होती, दांडी सरळ होती. कुणीतरी एकदा घालून तर बघावं, असं मला मनातून फार वाटायचं.

मला घेतलं सोनल नावाच्या मुलीने. ती पुण्याहून आली होती आणि दत्तात्रेयकाका व काशीकाकू यांच्या वाडीत उतरली होती. काका-काकूंची सुपारीची वाडी, त्यातल्याच दोन खोल्या ते पाहुण्यांना देत. आदल्या पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या वादळाने त्यांच्या जवळजवळ सगळ्या पोफळी आडव्या केल्या होत्या. उरलेल्या झाडांच्या पिकल्या सुपाऱ्या काकांनी वाफ्यात रुजत घातल्या, खूप दिवस पाणी घातलं, पण एकही उगवली नाही. शेवटी त्यांनी वाफ्याकडे जाणंच सोडलं होतं.

निघताना सोनलने गंमत म्हणून मला त्याच वाफ्यात खोचलं आणि वाकून माझा फोटो काढला. तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. ती पळाली, मी तिथेच राहिलो. ती माझ्यासाठी मागे येईल असं मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी काका तिथून जाताना थबकले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. त्यात पोफळीच्या रोपाचं पहिलं पान मधोमध चिरलेलं असतं, थेट माझ्या दोन पानांसारखं. काका उकिडवे बसले. मग त्यांनी हाक मारली, "काशे, आलाय गं. एक आलाय."

काकू आल्या, वाकल्या आणि मला पाहताच काय ते समजल्या. त्यांनी तोंड उघडलं होतं, पण काकांच्या चेहऱ्याकडे बघून त्या नुसतं "व्हय" म्हणाल्या.

"बोट नको दाखवू," काका म्हणाले. इकडे कोवळ्या कोंबाला बोट दाखवत नाहीत, दाखवलं तर तो कुजतो म्हणतात. दाखवायचंच झालं तर बोट दुमडून. हात लावण्याचा तर प्रश्नच नाही. म्हणून मी वाचलो.

मग माझ्या अंगावर आयुष्यात पहिल्यांदा पाणी पडलं. रोज सकाळी काका कळशी घेऊन यायचे, माझ्याशी वादळाच्या, पडलेल्या झाडांच्या गोष्टी बोलायचे. मित्रांनो, मी वाढायचा फार प्रयत्न केला.

शिमग्याला त्यांचा मुलगा रितेश मुंबईहून आला. "यंदा काय उगवलं न्हाय तर जेसीबी लावू, पाहुण्यांच्या गाड्यांना जागा करू," असं त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. काकांनी त्याला हात धरून वाफ्यापाशी आणलं. रितेशने मला लगेच ओळखलं.

"बाबा, हे तर..." म्हणत त्याने बोट उचललं.

"रितेश, बोट दुमड," काकू हळूच म्हणाल्या. "कोंब कुजल."

त्याने आईकडे पाहिलं, मग बापाकडे. बोट दुमडलं. "चांगला हाय, बाबा," तो म्हणाला. जेसीबीचं नाव पुन्हा निघालं नाही. मला मात्र लाज वाटली. एक माणूस सगळी वाडी माझ्या भरवशावर ठेवून बसला होता आणि मला एक मूळसुद्धा नव्हतं.

चैत्रात माझ्या शेजारची माती तडकली. माझ्यासाठी घातलेलं पाणी खालच्या सुपारीपर्यंत पोचलं होतं. हिरवं टोक वर आलं, त्याला पान फुटलं. मला आनंद झाला आणि खोटं कशाला सांगू, हेवाही वाटला.

पुढे अलिबागला काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून ते घरात न जाता वाफ्यावर आले. त्यांनी आम्हा दोघांना पाहिलं. मला चिमटीत धरून उपटलं, माझी क्लिप उघडली, मिटली.

"तुला म्हाईत होतं?"

"व्हय," काकू म्हणाल्या.

"रितेशला पन?"

"व्हय."

आता हे मला कुंपणापलीकडे भिरकावणार, अशी माझी खात्री झाली. पण काकांनी मला पुन्हा त्याच जागी खोचलं. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "ह्यो थोरला हाय. ह्याच्या जिवावर धाकट्याला पानी मिळालं."

आता धाकटा खोलीच्या पत्र्यापर्यंत पोचला आहे. त्याच्यामागून लावलेल्या पोफळीही डोलू लागल्या आहेत. मी तेवढाच राहिलो. कुंपणाबाहेरून केसर जाते, तिच्या काठीवर सध्या पिवळी बदकं आहेत. ती मला ओळखत नाही. मला तिची, सोनलच्या केसांची, त्या फोटोंची आठवण येते.

मित्रांनो, हंगाम सरला म्हणून कुणाला पिशवीच्या तळाशी टाकू नका. आणि कधी आमच्या वाडीत आलात तर धाकट्याला कळशीभर पाणी घाला. घालताना थोडं माझ्याही अंगावर पडू द्या. मी अजून प्रयत्न सोडलेला नाही.