राउटरमातेचा कौल

झरी गावात भगवानरावांच्या ओट्यापुढं त्या दिवशी चपलांचा एवढा ढीग पडला होता, की आपली जोडी शोधायलाही देवीचा कौल लावावा लागला असता. आत तर मुंगीला वाट नव्हती. उदबत्त्यांचा धूर, झेंडूच्या माळा, फुटलेल्या नारळांचं पाणी, आणि या सगळ्यांच्या मधोमध, देवघराच्या फळीवर, लाल खणात गुंडाळलेली, हळदीकुंकवानं माखलेली, दोन काळी शिंगं वर करून बसलेली नवी देवी. खोक्यातून निघाली तेव्हा गाव तिला वायफायचा डबा म्हणत होतं. आता राउटरमाता म्हणतं.

"शिंगं न्हाईत गं ती," विमलकाकू शेजारणीच्या कानाला लागल्या, "हात हायेत. आशीर्वाद द्यायलीय माय."

माय आशीर्वाद देत होती आणि मायपुढं मांडी ठोकून भुजंगबाबा आरती म्हणत होते:

ओवाळू राउटरमाय, हिरवी तुझी ज्योत,
भक्ताच्या मोबाइलात वाहे रेंजचा स्रोत.
लाल होशी कोपता तू, थरथरे संसार,
बाबाच्या बोटाविण कळेना तुझा सार.

आरती बाबांनी स्वतः रचली होती, आणि तिच्यात शेवटची ओळ तेवढी खरी होती. पण ते कळायला अजून अवकाश होता.

हा डबा घरात आला तो भगवानरावांच्या लेकीसाठी, योगिनीसाठी. पोरीला बारावीला चांगले मार्क पडले, तिनं नर्सिंगची परीक्षा दिली, आणि पुढचं सगळं नेटवर. म्हणून भगवानरावांनी जोडणी घेतली. बसवायला आलेल्या माणसानं खोलीभर नजर फिरवली, तर प्लग एकच, तोही देवघरापाशी, देवावरच्या लुकलुकणाऱ्या माळेसाठी. त्यानं डबा तिथंच ठेवला, भिंतीतून पिवळी बारीक वायर काढून त्यात खोवली, "हिरवा दिवा म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद" एवढं सांगितलं आणि चहा पिऊन गेला.

योगिनीच्या आईनं, कुसुमबाईंनी, डब्याला कुंकू लावलं. त्यात वावगं काही नव्हतं. आपल्याकडं नव्या मोटारसायकलीला, पिठाच्या गिरणीला, शिलाई मशीनलाही कुंकू लागतं. लावता लावता त्या गुणगुणल्या:

फळीवर बसलं गं हिरव्या डोळ्याचं पाखरू,
त्याच्या गं पंखावर उडं माझं लेकरू.

ओवी अशी मऊ होती, की डब्याला कान असते तर त्यानंही मान डोलावली असती.

मग एका सकाळी दिवा लाल झाला. झाडताना वायर फळीमागं मुडपली होती, दुसरं काही नाही. पण नेमके त्याच वेळी दारात भगवी लुंगी उभी. सेलूकडून आलेले भुजंगबाबा. "घरात कोप झालाय," म्हणत ते आत आले, फळीमागं हात घातला, डोळे मिटून पुटपुटले. थोड्या वेळानं दिवा हिरवा! भगवानरावांनी पाय धरले. त्या दिवसापासून बाबांचा मुक्काम आणि जेवण तिथंच.

बाबांनी देवीला नजर लागू नये म्हणून बंदोबस्त केला. पिवळ्या वायरीचं एक वेटोळं बिब्ब्याभोवती घेतलं, त्याला काळा दोरा बांधला आणि दोऱ्याचं टोक आपल्या बोटाला गुंडाळलं. "ही देवीची नाळ हाय," ते म्हणाले. "हिला धरल्याबिगर देवी बोलत न्हाई." लोक त्या दोऱ्यालाही नमस्कार करू लागले. चोर भिंत फोडून येतो असं आपण समजतो. हा पुढच्या दारानं आला, आणि आपण त्याच्या हातातल्या किल्लीला फूल वाहिलं.

बोलणं मात्र ऐकावं बाबांचंच.

"बाबांनो, ह्या तारेत तांबं न्हाई, वीज न्हाई! आत केसाएवढी काच हाय, अन् तिच्यातून नुसता उजेड धावायलाय. तेल न्हाई, वात न्हाई. सांगा, हा उजेड देवीचा न्हाई तर कुणाच्या बापाचा?"

काच खरी, उजेडही खरा. खोट्याची हीच चलाखी. पीठ अस्सल ज्वारीचं घेतो आणि आत खडा घालतो.

तर असा कौल सुरू झाला. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे न्हाई. लालचा हिरवा व्हायला जरा वेळ लागे, तेवढ्या वेळात बाबा मंत्र म्हणत: "ॐ तरंगाय नमः, ॐ सिग्नलाय नमः, ॐ टॉवरवासिन्यै स्वाहा!" विमलकाकूंनी विचारलं होतं, मोतीबिंदूचं आप्रेशन करू का? लाल. तेव्हापासून काकू डोळ्यात अंगाऱ्याचं पाणी घालत होत्या आणि सुनेला जाऊबाई म्हणून हाक मारत होत्या.

आणि आज योगिनीची पाळी होती. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. पाच वाजेपर्यंत नेटवर जागा पक्की करायची, नाहीतर ती पुढच्याला जाणार. त्यासाठी लागणारा ओटीपी यायचा भगवानरावांच्या मोबाइलवर. आणि भगवानराव म्हणाले होते, देवीला विचारल्याबिगर सांगणार न्हाई.

त्यांनी हात जोडले. "माय, योगिनीनं परभणीला शिकायला जावं का?"

बाबांचे डोळे मिटले. बोट थरथरलं. दिवा लाल.

"अरारारा," खोली हळहळली.

बाबांनी एक डोळा उघडला. "आता दुसरं इचारा. आमचा भाचा चंद्रभान हाय सेलूत, कापसाच्या जिनिंगवर मुकादम. सोन्यासारखं पोरगं. त्याच्यासंगं सोयरीक जुळावी का?" तरंगाय नमः, सिग्नलाय नमः. बोट सैल. दिवा हिरवा. घंटा वाजली, कुणीतरी साखर वाटायला घेतली.

"अण्णा," योगिनी गर्दीतून पुढं आली, "चार वाजून गेले. तेवढा ओटीपीचा नंबर सांगा ना."

"देवी न्हाई म्हणली ना योगे."

"देवीला माझं नाव तरी मालूम हाय का?"

"तोंड बघा पोरीचं!" बाबा कडाडले. "म्हणूनच म्हणतो, लवकर उजवून टाका."

तेवढ्यात उंबऱ्याशी धम्मशीला मॅडम येऊन उभ्या राहिल्या. गावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. योगिनी त्यांचीच विद्यार्थिनी, तिनंच निरोप धाडला होता. बाबांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं आणि हात आडवा केला.

"मॅडम, तिथंच थांबा. देवघराचं सोवळं हाय. तुमचं येगळं, आमचं येगळं."

खोलीत एवढी माणसं होती, एकानंही बाबांचा हात बाजूला केला नाही. कुसुमबाईंनी तेवढी मान खाली घातली.

"बरं," धम्मशीला मॅडम शांतपणे म्हणाल्या. "इथूनबी दिसतंय मला. मीबी देवीला एक इचारते. सांग देवी, माझ्या मुठीत सुपारी हाय का?"

बाबांनी मुठीकडं पाहिलं, छताकडं पाहिलं, बोट आवळलं. लाल. म्हणजे न्हाई.

मॅडमनी मूठ उघडली. सुपारी.

मग बाबा खदखदून हसले. "देवीची परीक्षा घेताव काय? परीक्षा घेणाऱ्याला देवी मुद्दाम उलटं सांगती!"

"बराबर हाय," पुढं बसलेले मार्तंडअप्पा म्हणाले, आणि निम्म्या खोलीनं माना हलवल्या. देव खरं बोलला तर देव, खोटं बोलला तर लीला. अशा धंद्यात खोट येईल कुठून?

धम्मशीला मॅडमनी बाबांचा नाद सोडला. त्या कुसुमबाईंकडं वळल्या.

"कुसुमताई, तुमी दर शनिवारी दाराला लिंबू-मिरची अन् बिब्बा बांधताव. दोऱ्याची गाठ कशी मारताव?"

"कशी म्हणजे? निरगाठ. गच्च," कुसुमबाई म्हणाल्या. "सुटली तर नजर काय अडंल?"

"मग बाबांच्या बिब्ब्याची गाठ बघा बरं."

"हात लावू नका!" बाबा ओरडले. "भस्म व्हाल!"

"माझं देवघर हाय, बाबा," कुसुमबाई म्हणाल्या. "रोज मीच पुसते. अजून झाले न्हाई भस्म." त्यांनी वाकून गाठ बोटांत धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ही तर सरकगाठ हाय! वासराच्या दाव्याला मारतात तसली. अशी गाठ बिब्ब्याला कोण मारतं?"

"जो ओढून बघणार हाय, तो मारतो," मॅडम म्हणाल्या. "आता ओढा."

बाबा उठू लागले, पण बोट दोऱ्यात अडकलेलं. घाईत त्यांना आपलीच नाळ सुटेना. कुसुमबाईंनी दोरा मधेच धरला आणि ओढला. वेटोळं आवळलं, पिवळी वायर बिब्ब्यावर करकचून मुडपली.

दिवा लाल.

त्यांनी दोरा सोडला. वायर पुन्हा सैल झाली.

"ॐ तरंगाय..." बाबांच्या तोंडून सवयीनं निघालं.

"मंत्र नको," मॅडम म्हणाल्या. "कुणीच काही म्हणू नका. नुसतं बघा."

सगळी खोली डब्याकडं डोळे लावून गप्प बसली. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली. आणि मंत्राशिवाय, आरतीशिवाय, दिवा आपला आपण हिरवा झाला.

"बाबा एक खरं बोलले," धम्मशीला मॅडम उंबऱ्यावरूनच सांगू लागल्या. "ह्या वायरीत काच हाय अन् काचेतून उजेड येतो. पण उजेडाचाबी कायदा असतो. आपला जायकवाडीचा कालवा बघा. वळण ऐसपैस असलं की पाणी निमूट वळतं. काटकोनात वळवा, पाणी काठ सोडून शेतात घुसतं. तसंच हे. वायर ऐसपैस वळली तर उजेड डब्यापतोर पोचतो. करकचून मुडपली की आतला उजेड वळणावरच बाहेर सांडतो. डब्याला काही मिळत न्हाई, तो लाल दिवा लावतो. सोडली की डबा पुन्हा जुळवाजुळव करतो, त्याला जरा वेळ लागतो. तेवढ्या वेळात ह्यांचा मंत्र बसतो."

विमलकाकू सावकाश उठल्या. "मग माझ्या डोळ्याचं आप्रेशन कुणी अडवलं रं? देवीनं का तुझ्या बोटानं?"

"काकू, तुमचे ग्रह..."

"नशीब समज, मला धूसर दिसायलंय. नीट दिसलं असतं तर नेम चुकला नसता." आणि काकूंनी दाराबाहेरच्या ढिगातली हाताला लागली ती चप्पल भिरकावली. ती मार्तंडअप्पांना लागली.

त्या तडाख्यानं अप्पांची स्मरणशक्ती जागी झाली. "तरी म्हणलं, कुठं बघितलंय ह्याला! सेलूला माझ्या मेव्हण्याच्या घरी डिशची छत्री बसवायला आला होतास की तू!"

बाबांनी दोरा दातानं तोडला, लुंगी सावरली आणि वाट मिळेल तिकडून बाहेर पडले. कुणी आडवं गेलं नाही. बहुतेकजण एकमेकांकडं पाहत होते, मी तर कधीच मानत नव्हतो अशा चेहऱ्यानं.

"मॅडम, आत या," कुसुमबाई म्हणाल्या.

"येते. सोवळं उतरलं म्हणून न्हाई. योगिनीचा अर्ज बघायचाय."

पण गोष्ट इथं संपली नाही. मार्तंडअप्पा एकदम ओरडले, "बघा, हिरवा हाय अजून! आता खरी देवी बोलायलीय. जा पोरी, शिकायला जा!" आणि तीच खोली, जी मघाशी लाल दिव्याला हळहळली होती, टाळ्या पिटू लागली. "हिरवा! हिरवा!" भगवानरावांनीही सुटल्यासारखा श्वास सोडला. "झालं तर मग. देवीनं हो म्हणलं..."

"न्हाई, अण्णा," योगिनी म्हणाली.

टाळ्या थांबल्या.

"लाल दिव्यावर मी थांबणार नव्हते, तर हिरव्यावर जाऊ कशाला? उद्या वायर उंदरानं कुरतडली तर मला हॉस्टेलातून परत आणणार का? मला डब्याचा हुकूम नको. तुमाला काय वाटतं ते सांगा. न्हाई म्हणायचं असलं तरी तुमच्या तोंडानं म्हणा. मग मी तुमच्याशी भांडते."

भगवानरावांच्या चेहऱ्यावरचं उसनं अवसान गळालं. ते पतसंस्थेत कारकून. आयुष्यभर वरच्या सहीवर काम केलेला माणूस.

"भ्या वाटतं गं," ते अखेर म्हणाले. "एकटी राहशील. लोक बोलतील. न्हाई म्हणलं असतं तर तू तोंड फिरवलं असतंस, हो म्हणलं असतं तर भावकीनं. देवीनं सांगितलं की मी सुटलो."

बोलता बोलता त्यांची नजर सवयीनं फळीकडं गेली. कुसुमबाईंनी पुढं होऊन डब्याच्या दिव्यावर तळहात ठेवला. हिरवा उजेड झाकला गेला.

"तिकडं काय बघताव?" त्या म्हणाल्या. "लेकीकडं बघा."

त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग शर्टाच्या खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि म्हणाले, "जा. मी म्हणतोय, जा. लोक बोलतील तवा मीबी बोलंन." आणि एकेक आकडा अडखळत, मोठ्यानं वाचू लागले. योगिनीच्या शेजारी बसून धम्मशीला मॅडम स्क्रीन बघत होत्या. जागा पक्की झाली तेव्हा पाचाला अजून थोडा वेळ होता.

मित्रांनो, केसाएवढ्या काचेतून उजेड धावतो आणि परभणीची बातमी झरीत येते, हे अद्भुतच आहे. पण ते माणसांनी शोधलं. प्रश्न विचारून, चुकून, पुन्हा तपासून शोधलं. ते वापरायचं असतं, त्याच्यापुढं नारळ फोडायचे नसतात. डोळ्याचं डॉक्टरांना विचारा, शिक्षणाचं शिक्षकांना विचारा, आणि लेकीच्या आयुष्याचं आधी लेकीला विचारा. माणसाचं उत्तर चुकू शकतं, पण त्याला धरून जाब विचारता येतो. दिवा कुणालाच जाब देत नाही.