लाल पट्टीचे क्रेट

"पाह्यलं का तिचं? हात फुलात अन डोये माह्या वावरात."

पार्बताबाईनं पदर कमरेला खोचला आणि धुऱ्यापलीकडं मान उडवली. पलीकडच्या वावरात तिची धाकटी जाऊ माणिकबाई झेंडू तोडत होती. तोडता तोडता काहीतरी गुणगुणत होती, तेच पार्बताबाईला जास्त झोंबलं.

"सकायपासून गानं म्हणून राहिली. एवढं कशाचं सुख उतू चाल्लं इचं?"

शालिकराम, म्हणजे पार्बताबाईचा नवरा, सरीत पाण्याचा पाईप फिरवत होता. वर न बघता तो म्हणाला, "हूं." चाळीस वर्षांच्या संसारात त्यानं हा हुंकार घासून घासून गुळगुळीत केला होता. त्याला कुठूनही धरा, हातात राहत नसे.

भातकुलीकडची ती काळी माती. उन्हानं तडकली की भेगेत हात जाईल आणि भिजली की पायातली चप्पल मागून घेईल. दोघा भावांचं एकच वावर, मधोमध धुरा घालून वाटलेलं. विहीर एक, पाणी एक, तेही मचूळ. रोपंही एकाच गाडीतून आलेली. तरी माणिकबाईचा झेंडू बशीएवढा आणि पार्बताबाईचा बोराएवढा. दसरा होऊन गेला होता, दिवाळी दहा दिवसांवर आली होती, आणि पार्बताबाई रोज धुऱ्यावर उभी राहून त्या बशा मोजत होती.

"इनं काहीतरी टाकलं बुडाशी," ती म्हणाली. "मांत्रिकाचं असन नाहीतर कंपनीचं."

"उनं चढाच्या आंदी तोडते ते," शालिकराम पहिल्यांदाच वाक्य बोलला. "अन बारीक फूल येगयं काढते. आपुन बुडी बारीक भरतो अन वर मोठं मांडतो."

"तुमी पानी पाहा."

गावातली फुलं अय्युबच्या पिकअपमधून अकोल्याला जात. पहाटेच्या अंधारात गाडी यायची, ओट्याओट्यावरचे क्रेट उचलायची आणि दुपारी रिकामे क्रेट ज्याचे त्याच्या भिंतीशी आणून लावायची. अय्युबला नावं वाचायची गरज नव्हती. प्रत्येकाच्या क्रेटवर निशाणी असे. पार्बताबाईचा निळा ठिपका, माणिकबाईची लाल पट्टी. रिकामा क्रेट गावात कधी रिकामा येत नसे. कोणाच्या लेकीनं पाठवलेलं लोणचं, कोणाच्या गोळ्या, कोणाचा दुरुस्त झालेला चष्मा, सगळं त्यात यायचं. बारा वर्षांत एक सुई इकडची तिकडं झाली नव्हती.

त्याच अय्युबनं परवा सहज सांगितलं होतं, "काकी, बाजारात लाल पट्टी दिसली का अडत्या म्हनते, पयले ते उतरव. आंदी बोली त्याचीच होते."

अय्युब बोलून गेला. पार्बताबाईच्या मात्र पोटात निखारा पडला.

सोमवारी संध्याकाळी तिनं माळ्यावरून डबा काढला. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला लाल रंग होता. वरची साय काडीनं फोडली, चिंधी गुंडाळून कुंचला केला आणि सहा क्रेटपैकी चारांच्या निळ्या ठिपक्यांवरून लाल पट्टी ओढली. रंग पुरला असता तर सहाही रंगवले असते.

पट्टी ओढता ओढताच अकोल्याहून लेकीचा फोन आला. साधना जठारपेठेत राहायची. आपल्या सासूची एकदाणी, सोन्याच्या मण्यांचा तो एकसर, पार्बताबाईनं पटवेकऱ्याकडून नव्यानं ओवून घ्यायला तिच्याकडं दिला होता. नात करिश्माचा साखरपुडा येत्या रविवारी इथंच घरी होता आणि पोरीच्या गळ्यात तीच घालायची होती.

"आई, एकदाणी झाली. उद्या बाजारात येऊन अय्युबभाऊच्या गाडीत ठेवतो. शंकरपाळ्याच्या डब्यात, बुडाशी. कोन्या क्रेटमधी ठेवू?"

हातात कुंचला, समोर ओल्या पट्ट्या. पार्बताबाईची छाती फुगली होती.

"लाल पट्टीच्या क्रेटमधी ठेवजो. आता आपलीबी लाल पट्टी हाय."

एकदाणी म्हणजे नुसतं सोनं नव्हतं. माणिकबाई गोरी होती, गोड बोलायची, तिच्या पोरानं घराला फरशी बसवली होती, आणि तिचा झेंडू बशीएवढा होता. या सगळ्यावर पार्बताबाईपाशी एकच उत्तर होतं. सासूनं मरताना एकदाणी तिच्या हातात दिली होती, माणिकबाईच्या नाही. कोणत्याही लग्नाला पार्बताबाई ती घालून जायची आणि माणिकबाईच्या समोरच बसायची, मागं जागा असली तरी.

मंगळवारी दुपारी ती वावरातून परतली, तर भिंतीशी दोनच क्रेट होते, निळ्या ठिपक्याचे. तिनं दोन्ही उलटे केले. एकातून झेंडूच्या पाकळ्या पडल्या, दुसऱ्यातून काहीच नाही.

तिनं मान वर केली. शेजारच्या भिंतीशी लाल पट्टीच्या क्रेटची उतरंड लागली होती. अय्युबनं रोजच्यासारखी निशाणी पाहिली होती आणि रोजच्यासारखं उतरवलं होतं. गाडी पाराजवळ उभी होती. ती तशीच, पायांना चिखल, तिकडं गेली.

"अय्युब, साधनानं डबा देल्ला व्हता."

"मले नाही देला काकी. मी चहा प्यायले गेलतो. हमालानं सांगतलं, बाई आली अन क्रेटात काहीतरी ठेवून गेली. मले वाटलं असन तुमचंच. कोन्या क्रेटात ठेवला?"

पारावर पाचसहा माणसं बसली होती. त्यात सहदेव होता, आणि त्याच्या कानात पडलं म्हणजे भोंग्यात पडलं. पार्बताबाईच्या जिभेवर 'लाल' आलं आणि दातांनी अडवलं. लाल म्हटलं की पट्टी आली, आणि पट्टी म्हटली की उद्या सगळं गाव हसणार: मोठीनं धाकटीची निशाणी चोरली.

"माह्या क्रेटात," ती म्हणाली.

"तुमचे तं दोनच होते. निया ठिपक्याचे. दोन्ही रिकामे."

"मंग डब्याले काय पाय फुटले?"

बोलली आणि तिचं तिलाच ऐकू आलं. अय्युब हातातलं फडकं घडी करत होता, ते त्यानं अर्ध्यावर सोडलं.

"काय होतं त्यात?"

"सोनं होतं. सासूची एकदाणी."

पारावरच्यांनी माना वळवल्या. अय्युबनं गाडीचं दार उघडलं, सीट उचलून दाखवली, आपल्या जेवणाचा डबा काढला आणि सगळ्यांसमोर उलटा केला. भाकरीचा एक तुकडा पडला.

"पाहून घ्या काकी," तो म्हणाला. आणखी काही बोलला नाही.

बोलला असता तर बरं झालं असतं. पार्बताबाई त्या भाकरीच्या तुकड्याकडं बघत राहिली आणि मग पाठ फिरवून घरी आली.

त्या संध्याकाळी ती तीनदा भिंतीशी गेली. चवड्यावर उभी राहून पलीकडं पाहिलं. क्रेटवर क्रेट, सगळे लाल. त्यातले चार जास्तच लाल होते, आंधळ्यालाही दिसावेत असे. तिसऱ्या वेळी भिंतीपलीकडून आवाज आला.

"काय वं बाई, काही हरपलं काय?"

माणिकबाई तुळशीपाशी उभी होती. गोड हसत होती.

"मले काय हरपते? मांजर पाहून राहिली."

"मांजर तं भिंतीवर तुमच्या हाताशीच बसेल हाय."

पार्बताबाई भिंतीपासून सरकली. चुलीपाशी येऊन नवऱ्याला म्हणाली, "तिले माईत हाय. डबा तिनं उघडला. इतकी गोड ते उगीच बोलत नाही. दाबून बसली आपली एकदाणी."

"मंग जाऊन माग."

"काय म्हनून मागू? माहे क्रेट तुह्या घरी कसे आले म्हनून?"

शालिकराम भाकर मोडता मोडता थांबला. "मंग अय्युबनं काय करावं?"

यावर 'हूं' म्हणायची पाळी पार्बताबाईची होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

बुधवारी दुपारी गाडी आली तेव्हा ती मुद्दाम घरी थांबली होती. जे पाहिलं ते तिनं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. लोक आपापल्या ओट्यावरून उतरून गाडीपाशी येत होते. एकेक क्रेट मोजत होते. खुशालरावानं तर पुतणीनं पाठवलेली औषधाची पुडी अय्युबच्या समोर सोडून गोळ्या मोजल्या. अय्युब खाली मान घालून उभा होता. मोजणं झालं की "बराबर?" एवढंच विचारत होता.

पार्बताबाईच्या दाराशी दोन क्रेट ठेवून तो म्हणाला, "काकी, एतवारपासून ही लाईन दुसरा पोरगा करीन. मी नांदगाव पेठेच्या कारखान्याचा माल धरला. माही बायको सितारा म्हनते, जथी लोक मोजून घेते तथली भाकर गयाखाली उतरत नाही."

"मी तुले चोर म्हटलं काय?"

"नाही म्हटलं. म्हटलं असतं तं मी भांडलो असतो."

तो पुढं माणिकबाईच्या भिंतीकडं लाल पट्ट्या उतरवायला गेला. पार्बताबाई दारात उभी राहिली. तिला झेंडूचा वास आला, खाली दाबून भरलेल्या, आतल्या आत सडणाऱ्या बारीक झेंडूचा. दोन दिवस ती माणकीला शिव्या देत होती. पण अय्युबला डबा उलटा करून भाकरीचा तुकडा पाडायला माणकीनं नव्हतं लावलं.

तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सरळ जावेच्या अंगणात शिरली. अय्युबच्या शेजारून गेली, ओटा चढली आणि हाक न मारता मधल्या खोलीत गेली.

माणिकबाई लोखंडी कपाटाच्या आरशासमोर उभी होती. गळ्यात एकदाणी होती. दोन्ही हातांनी पदर बाजूला धरून ती मान जरा इकडं, जरा तिकडं करून बघत होती. पोरीनं जत्रेत बघावं तशी. पलंगावर शंकरपाळ्याचा डबा उघडा पडला होता. एकही शंकरपाळा कमी नव्हता.

आरशात दोघींची नजर भेटली. माणिकबाईचे हात गळ्यापाशीच थिजले.

"मी देणारच होती बाई."

"कवा?"

"तुमी मांगाले आल्या का." तिचा आवाज बारीक झाला, पण मोडला नाही. "मंगयवारीच मले चार क्रेट जास्तीचे दिसले. शिंगाचा रंग मी ओयखतो. म्हटलं, येतीन. म्हनतीन, माणके, म्या तुही पट्टी ओढली, चूक झाली. एकडाव तुमच्या तोंडून आयकाचं होतं. पन तुमी भिंतीवरून डोकावल्या, दारातून नाही आल्या."

"अन गयात कावून घातली?"

माणिकबाईनं खाली पाहिलं. "सासूबाईनं मले म्हटलं होतं. नवी नवरी होती मी. म्हने, माणिक, तुह्या गोऱ्या गयाले हे शोभन. अन मरतावक्ती देली तुमाले. तीस वर्सं तुमी माह्यासमोर घालून बसल्या. म्हटलं, परत जायाच्या आंदी एकडाव पाहून तं घ्यावं."

पार्बताबाईला हे ठाऊक नव्हतं. ती पाहत राहिली. सोन्याचे मणी त्या गळ्यावर कसे बसले होते, ओळीत, उजेड धरून. तिच्या स्वतःच्या गळ्यावर ते नेहमी हाडाशी अडायचे. पोटातला निखारा पुन्हा फुलला आणि यावेळी तिनं तो फुंकर न घालता तसाच राहू दिला.

ती वळली आणि दारातून हाक दिली. "अय्युब, अथी ये. वर ये ओट्यावर. सहदेवभाऊ, तुमीबी या, तुमाले तं आयकनं लागतेच."

अय्युब क्रेट हातात घेऊनच पायरीशी आला, मागोमाग सहदेव. भिंतीपलीकडून चारदोन डोकी वर आली.

"तुह्या हातात हाय ना, तो क्रेट माहा हाय," पार्बताबाई म्हणाली. "रंग घासून पाह्य, बुडी निया ठिपका निघन. म्या रंगवला, सोमवारी, पोळ्याच्या रंगानं. साधनाले लाल पट्टी म्याच सांगतली. तू निशाणी पाहून उतरवलं, बराबर उतरवलं. पारावर बोलली ते माहं तोंड खोटं होतं. आता तुले नांदगावले जायाचं तं जाय, पन चोर म्हनून जाऊ नोको."

अय्युबनं क्रेट खाली ठेवला. अंगठ्यानं पट्टी खरवडली. रंग अजून कच्चा होता, नखाला लागला. तो हसला नाही, पण त्यानं अंगठा पॅन्टला पुसला आणि गाडीकडं न जाता पायरीवर बसला. "पानी द्या कोनी," तो म्हणाला.

माणिकबाईचे हात मानेमागं गोफाची गाठ सोडायला गेले होते.

"थांब," पार्बताबाई म्हणाली. मग ती इतक्या मोठ्यानं बोलली की भिंतीपलीकडच्या डोक्यांना कान टवकारायची गरज पडली नाही.

"पाह्य माणके. एकदाणी तुह्या गयाले शोभते. माह्याहून जास्ती शोभते. हे आज बोलली, दुसऱ्यांदा माह्या तोंडून आयकाले भेटनार नाही. पन शोभली म्हनून ते तुही होत नाही, अन लाल पट्टी ओढली म्हनून माहे फुलं तुह्यासारके होत नाही. म्या तुही निशाणी चोरली, तू माहा डबा दाबला, अन मोजून घेतलं गावानं ह्या गाडीवाल्याले. दोन दिवस तुले माईत होतं अन दोन दिवस मले माईत होतं. म्हनून तुले चोर म्हनाची सोय मले राहिली नाही, अन मले हासाची सोय तुले राहिली नाही. आता काढ ते. एतवारी ये, पाटावर बस, अन सगळ्यायसमोर तुह्या हातानं करिश्माच्या गयात घाल. गावाले दिसू दे, धाकटीनं देल्ली ते. अन कोनाची होती, ते दिसाले मी तथीच समोर बसून राहीन."