बुधवारची सतरंजी

मी टेंभुर्णीच्या एका वाचनालयातली जुनी सतरंजी आहे. मित्रांनो, मधली चार वर्षं मला माझाच वास सहन होत नव्हता. तुम्हाला एखाद्या गोष्टीची किळस आली, तर तुम्ही नाक दाबून बाजूला होता. मला कुठे बाजूला होता येतं? जी घाण अंगावर पडली, तिच्यासकट गुंडाळून कोपऱ्यात उभं राहणं एवढंच माझ्या हातात होतं.

माझा जन्म तुरुंगातला. तिथल्या मागावर एका कैद्याने मला विणलं, निळ्या आणि विटकरी पट्ट्यांची, बारा हात लांब. त्याने काय गुन्हा केला होता ते मला ठाऊक नाही, पण रोज सकाळी हात स्वच्छ धुतल्याशिवाय तो मागावर बसत नसे. पट्टा चुकला की उसवून पुन्हा घाली. मी पूर्ण झाले त्या दिवशी त्याने माझ्यावरून तळहात फिरवला आणि दुसरा ताणा लावायला घेतला.

मला टेंभुर्णीला आणलं ते भुजंग गुरुजींनी. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपल्या गल्लीत दोन खोल्यांचं वाचनालय सुरू केलं होतं. जालन्याहून एसटीने येताना त्यांनी मला टपावर टाकू दिलं नाही, मांडीवर आडवी धरून आणलं. कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, दोन माणसांची जागा अडवून राह्यली ही." गुरुजी म्हणाले, "पन्नास माणसांना जागा देणार हे ती. आज जराशी सोस बाबा."

आणि खरंच, मी जागा दिली. रविवारी सकाळी मुलांची गोष्टींची बैठक. शनिवारी भजनी मंडळ. सणासुदीला गावातल्या हौशी मंडळींच्या नाटकाची तालीम. पण माझा लाडका वार म्हणाल तर बुधवार. बुधवारी दुपारी बायकांचं वाचन मंडळ भरायचं. शेतातली कामं आटोपून, डोक्यावरचा पदर सारखा करत पंधरा-वीस जणी यायच्या. एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग त्यावर बोलायचं. बोलणं पुस्तकावरून सुरू व्हायचं आणि सुनांवर, कापसावर, गुडघेदुखीवर फिरून परत पुस्तकावर यायचं.

या मंडळात सगुणाबाई होत्या. पंचावन्नाव्या वर्षी त्या अक्षरं शिकल्या. पहिले सहा महिने त्यांचं बोट माझ्या पट्ट्यांवर फिरत असायचं. गुरुजी फळ्यावर काढायचे ते अक्षर त्या माझ्यावर गिरवायच्या. एक दिवस त्यांनी बी-बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. मग पिशवीची घडी घातली, कंबरेला खोचली आणि म्हणाल्या, "आता मला कुणी काही सांगायची गरज न्हाई. मी पाहून घेईन." बायका हसल्या. सगुणाबाई हसल्या नाहीत.

ग्रंथपाल होती कौसल्या, तिशीतली, मितभाषी. दर महिन्याला ती मला गच्चीवर उन्हात टाकायची आणि काठीने धूळ झाडायची. झालेल्या प्रत्येक कार्यक्रमाची नोंद एका जाड वहीत करायची. किती माणसं आली, काय वाचलं, सारं. बाहेरगावचे पाहुणे म्हणायचे, अशी सतरंजी तालुक्यात न्हाई. तेव्हा मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग गुरुजी वारले आणि राजानंद अध्यक्ष झाले.

राजानंद यांचा मंडपाचा धंदा होता. त्यांनी वाचनालयाच्या मोठ्या खोलीत, म्हणजे सभागृहात, आपल्या लोखंडी कमानी आणि कनाती रचल्या, आणि दाराला स्वतःचं कुलूप घातलं. भजनी मंडळ देवळात गेलं. मुलांची बैठक बंद पडली. बुधवारच्या बायका काही आठवडे बाहेरच्या पायऱ्यांवर बसून वाचत होत्या. ऊन वाढलं तशा त्याही येईनाशा झाल्या.

मला मात्र त्यांच्या मंडपाबरोबर बाहेर जावं लागे. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या अंगणात मी. पंगतीत माझ्यावर वरण सांडलं, ते तसंच वाळलं. त्यावर दुसऱ्या घरची मटणाची तर्री सांडली. एका बारशाला पोरांनी माझ्यावर लघवी केली. त्या लेकरांचा मला राग नाही. पण धुतलेले कपडे घालून, केसांना तेल लावून येणारी मोठी माणसं गुटख्याची पुडी फोडायची, माझं टोक उचलायची, खाली पिचकारी मारायची आणि टोक परत नीट बसवायची. झाकलं की संपलं. राजानंद तर टोक उचलायचेही कष्ट घेत नसत. अध्यक्षांच्या वाढदिवसाला माझ्यावर हाडं आणि केक एकत्र तुडवले गेले, आणि त्याच संध्याकाळी मला ओलीच गुंडाळून संडासाशेजारच्या मागच्या खोलीत उभं केलं. माझ्या पोटात उंदरांनी पिल्लं घातली. त्यातली दोन मेली आणि तिथेच राहिली.

कौसल्या एकदा बोलली. "भाऊ, दोन दिवस ऊन तरी दाखवू द्या तिला. कुजून राह्यली."

"सतरंजीच हे ना," राजानंद म्हणाले. "काय पैठणी हे का?"

अशी चार वर्षं गेली. मग जालन्याहून ग्रंथालय खात्याचं पत्र आलं. वाचनालयाची तपासणी होणार, वर्षभरात घेतलेले कार्यक्रम दाखवा. कार्यक्रम तर एकही झाला नव्हता.

राजानंद घाबरले नाहीत. तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी कमानी मागच्या खोलीत ढकलल्या, फोटोवाला बोलावला आणि बुधवारच्या बायकांना निरोप धाडला, की मंडळ पुन्हा सुरू होतंय, जल्दी या. बिचाऱ्या खूश होऊन आल्या. सगुणाबाई तर पुस्तक घेऊन आल्या होत्या.

मला अंथरलं. पिल्लांचे वाळलेले सांगाडे माझ्यातून घरंगळले. बायकांनी पदर नाकाला लावले. राजानंदांनी पायाने ते सांगाडे भिंतीकडे सारले, माझ्या मधोमध आपली खुर्ची ठेवली आणि म्हणाले, "बसा, बसा. पाच मिन्टाचं काम हे."

त्या बसल्या. मागे फलक लागला, वाचन सप्ताह. फोटो निघाला. फलक बदलला, महिला मेळावा. जागा बदलून बसा, फोटो. आरोग्य शिबिर. एकीच्या दंडाला पट्टा गुंडाळला, फोटो. काव्यवाचन, फोटो. एका दुपारी, माझ्या सडक्या अंगावर, अख्खं वर्ष उरकत होतं. गुटख्याची मला सवय झाली होती, मित्रांनो, पण त्या दिवशी मला जी किळस आली तशी कधीच आली नव्हती. थुंकी निदान थुंकीच असते, ती कार्यक्रम असल्याचा आव आणत नाही.

शेवटचा फलक लागला. राजानंदांनी सगुणाबाईंच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि पाटी दिली. "मावशी, ही धरा. अन् जराशी उलटी धरा. शिकून राह्यल्यासारखं वाटाया पाहिजे."

सगुणाबाईंनी मान वळवून फलकाकडे पाहिलं. मग बोट धरून, एकेक शब्द तोडत, मोठ्याने वाचलं. "निरक्षर... महिलांसाठी... अक्षरओळख वर्ग."

फोटोवाल्याने कॅमेरा खाली घेतला.

"निरक्षर कोण हे, राजानंद?" त्यांनी विचारलं.

"मावशी, फोटोपुरतं हे. लिहावं लागतं तसं."

"गुरुजींनी मला इथं बसून शिकवलं. ह्याच सतरंजीवर. तू तव्हा शाळा बुडवून फिरत व्हतास. तू माझ्या हातात उलटी पाटी देऊन राह्यला?" आवाज चढला नव्हता. त्यांनी पाटी खाली ठेवली. "ऊठ खुर्चीवरून."

"कशाला?"

"सतरंजी धुवायची हे."

त्या उठल्या, माझं टोक धरलं आणि गुंडाळायला लागल्या. दुसरी उठली, तिसरी उठली. बघता बघता मी राजानंदांच्या खुर्चीच्या पायांपर्यंत गुंडाळली गेले. ते जरा वेळ तसेच बसून राहिले. मग उठले, कारण न उठते तर खुर्चीसकट आडवे झाले असते. "कौसल्या," ते दारातून म्हणाले, "वहीत चार कार्यक्रम लिहून ठेव. तारखा मी देतो."

कौसल्याने वही उघडली आणि बंद केली. "मी न्हाई लिहिणार, भाऊ. नोकरी गेली तरी चालंल."

बायकांनी मला हापशावर नेलं. दोघी हापसत होत्या, बाकीच्या पायांनी तुडवत होत्या. पहिलं पाणी काळं गेलं, मग लाल, मग तेलकट पिवळं. दोघींना ओकाऱ्या आल्या, तोंड धुऊन त्या परत तुडवायला आल्या. माझा निम्मा भाग इतका कुजला होता की पायाखालीच फाटला. सगुणाबाईंनी विळीने तो कापून टाकला. दुखलं मला. पण तो गेला ते बरंच झालं.

दुसऱ्या दिवशी तपासणीचे साहेब आले, तेव्हा मी गच्चीच्या कठड्यावर वाळत होते. राजानंदांनी फोटो पुढे केले. साहेबांनी ते पाहिले, मग कौसल्याची वही मागितली. चार वर्षांची पानं कोरी होती. साहेबांनी फोटो पुन्हा पाहिले, चारही फोटोंतल्या त्याच साड्या पाहिल्या, आणि शेरा लिहिला. वाचनालयाचा दर्जा खाली आला. गावातल्या चार लोकांनी सगुणाबाईंनाच बोल लावला, बाईमुळे गावाची अब्रू गेली म्हणाले. राजानंद अजूनही अध्यक्ष आहेत. फक्त पुढची तपासणी अंगावर घ्यायला नको, म्हणून सभागृहाची किल्ली त्यांनी कौसल्याच्या टेबलावर टाकली.

आता बुधवार पुन्हा भरतो. मी अर्धीच उरले आहे. दहा जणी गुडघ्याला गुडघा लावून बसतात, उरलेल्या फरशीवर.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. तुमच्याही गल्लीत एखादं वाचनालय असेल, तिथे माझ्यासारखी कुणी अंथरलेली असेल. चपला बाहेर काढून तिच्यावर बसा. वाचा, गा, भांडा, चहा सांडला तरी चालेल, लगेच पुसा. पण जे झालंच नाही ते झालं असं दाखवायला तिच्यावर बसू नका. तो डाग हापशावर निघत नाही, कापूनच काढावा लागतो, आणि आता माझ्यात कापण्यासारखं फारसं उरलेलं नाही.