बाहेरून कडी

घड्याळजी नेहमीसारखे डोळ्याला भिंग लावून बसले होते. समोर एका बाईंचं मनगटी घड्याळ उघडं पडलं होतं. रोज पुढे पळायचं बिचारं.

"मोबाइलला चिकटवून ठेवता ना? चुंबक लागलंय याला," घड्याळजी म्हणाले.

कोपऱ्यात चुंबक उतरवायचं, तारेच्या वेटोळ्याचं एक छोटं यंत्र होतं. त्यावर घड्याळ धरून त्यांनी बटण दाबलं आणि घड्याळ अलगद वर उचललं. झालं, आलं ताळ्यावर! चुंबक म्हणजे घड्याळाचा वैरी, हे ते वडिलांच्या मांडीवर बसून शिकले होते. म्हणूनच डॉक्टरांनी बायकोच्या डोक्याला चुंबक लावायची गोष्ट काढली, तेव्हा ते ताडकन उठून उभे राहिले होते.

बायको दुकानामागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून असे. एके काळी हीच बाई अख्ख्या गल्लीला हसवायची. आता अंघोळीला उठायचं म्हणजे तिला डोंगर चढण्यासारखं होई. गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या, गुण काही येईना. डॉक्टरांनी समजावलं, "भूल नाही, सुई नाही. खुर्चीत जागेपणीच बसायचं. मेंदूचा जो भाग मंदावलाय, त्याला चुंबकाचे हलके ठोके द्यायचे. काही आठवडे रोज यावं लागेल. सगळ्यांनाच गुण येतो असं नाही, पण बऱ्याच जणांना येतो."

"आयुष्यभर घड्याळं चुंबकापासून सांभाळली मी, आणि बायकोचं डोकं त्याच्या हवाली करू?" घड्याळजी घरी येऊन तणतणले.

"बाबा, बिघडलेलं घड्याळ कशावर धरता हो तुम्ही?" लेकीने विचारलं. "त्या यंत्रात चुंबकच तयार होतं ना?"

लेक जिंकली. घड्याळजींनी फक्त एक अट घातली: बाहेर कुणी विचारलं तर दातांचं काम चालू आहे म्हणायचं. शहाण्या माणसाची अक्कल अशी नेमक्या जागी गहाण पडते बघा! पोटाच्या दुखण्याला डॉक्टर चालतो, गुडघ्याच्या दुखण्याला चालतो. मनाच्या दुखण्याला मात्र दात पुढे करायचे.

लेक आईला मागच्या गल्लीतून नेऊ लागली. खुर्चीत बसायचं, कानातलं, केसातल्या पिना काढून ठेवायच्या, कपाळाच्या डाव्या बाजूला टकटक ऐकायची आणि परत यायचं. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "भाजीत मीठ कमी आहे."

लेक खुदकन हसली. घड्याळजींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. केवढ्या काळाने ती बाई कुरकुरली होती!

आणि नेमकी तेव्हाच घड्याळजींची बहीण लेकीसाठी स्थळ घेऊन आली. घर चांगलं, मुलगा नोकरीतला. पण मुलाचे काका राहायचे त्या दवाखान्याच्या बरोबर समोर.

"दादा, वहिनीला तिथे चढता-उतरताना कुणी पाहिलं तर? वेडाचं घराणं म्हणतील," बहीण म्हणाली. "लग्न ठरेपर्यंत बंद ठेव. एवढ्यात काय आभाळ कोसळतंय?"

घड्याळजींनी बायकोला सांगितलं. तिने मान डोलावली. दवाखान्यातून फोन आला तेव्हा त्यांनी 'ती बाहेरगावी गेलीय' असं ठोकून दिलं. ही बातमी लेकीला कळली, तेव्हा ती बापाशी कडाडून भांडली, पण आईच म्हणाली, "राहू दे गं. तुझं होऊन जाऊ दे." काही दिवसांत तिचं तोंड पुन्हा भिंतीकडे वळलं.

पाहुणे आले त्या दुपारी घड्याळजींनी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. चुकून कुणी आत जायला नको म्हणून बाहेरून कडीही घातली. आत नजर टाकायचं त्यांना सुचलं नाही.

चहा झाला, गप्पा रंगल्या. मुलाच्या आईने सहज विचारलं, "मुलीची आई दिसत नाहीत?"

"माहेरी गेलीय," घड्याळजी म्हणाले.

तेवढ्यात मागच्या दारावर टकटक झाली. सगळ्यांनी तिकडे पाहिलं.

"मांजर असेल," बहीण घाईघाईने म्हणाली.

पुन्हा टकटक झाली. आतून बारीक आवाज आला, "पाणी हवं होतं."

लेक उठली, पाहुण्यांपुढचा पाण्याचा पेला उचलला आणि कडी काढली.

"ही माझी आई," ती म्हणाली. "आजारी आहे. तिचे उपचार माझ्या लग्नासाठी बंद केलेत. असं लग्न मला नको."

बायको दारात उभी होती. तिने तोंड धुतलं होतं, केस विंचरले होते, कानातलं घातलं होतं, ठेवणीतली साडी नेसली होती. अंघोळीलाही न उठणारी ती बाई लेकीच्या पाहुण्यांसाठी एकटीच्या बळावर तयार झाली होती, आणि बाहेरून कडी पडलेली तिने ऐकली होती.

"नमस्कार," ती पाहुण्यांना म्हणाली. "मी माहेरी गेले नव्हते."

पाहुणे सभ्य होते. उरलेला चहा संपवून गेले. बहीण पाय आपटत गेली. घड्याळजी तिथेच बसून राहिले. इतके दिवस त्यांना बायकोची लाज वाटत होती. आता स्वतःची वाटायला लागली, आणि ती कुठे लपवावी ते कळेना.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते बायकोला घेऊन भर बाजारातून निघाले. न्हाव्याने दुकानातूनच हाक मारली, "काय घड्याळजी, वहिनींचे दात झाले नाहीत का अजून?"

घड्याळजी थांबले. त्यांचे कान तापले. "दात ठणठणीत आहेत तिचे. मनाचा आजार आहे. उपचारांना निघालोय."

"असं होय," न्हावी म्हणाला. त्याचा हात गिऱ्हाइकाच्या गालावर थांबला होता.

डॉक्टरांनी झाडायचं तेवढं झाडलं. मध्ये खंड पडलाय, कदाचित पहिल्यापासून सुरू करावं लागेल, तेव्हासारखा गुण येईलच असं आता सांगता येत नाही. घड्याळजी खाली मान घालून ऐकत राहिले.

बायको खुर्चीत बसली. यंत्र चालवणारी मुलगी उठून दाराशी गेली. "दार लावून घेऊ ना? बाकीचे लोक लावायलाच सांगतात. बाहेरून दिसतं सगळं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. काल दुपारपासून पहिल्यांदाच ती त्यांच्याशी बोलली.

"तुम्हीच सांगा," ती म्हणाली. "लावायचं का?"

घड्याळजी उठले, दार सताड उघडलं आणि ते मिटू नये म्हणून आपली खुर्ची उंबऱ्यातच मांडून बसले. बाहेरचे लोक येता-जाता बघत होते. आत टकटक सुरू झाली.